सासूबाईंची उशी आणि अर्धा तांब्या पाणी

(पॉडकास्टच्या ताज्या भागाचं शब्दांकन. ऐकायला वेळ नसेल तर वाचा, वाचायला वेळ नसेल तर भांडी घासताना ऐका.)

 

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांचे मेसेज आले की ताई, तुम्ही अ‍ॅरिझोनात राहता, वाळवंटात राहता, मग एकदा कॅक्टसवर बोला ना. माझ्याकडे नर्सरीतून आणलेला तो गोल, पिवळ्या काट्यांचा कॅक्टस आहे, तो का कुजला ते सांगा. आता हा प्रश्न मला विचारणं म्हणजे दुखऱ्या जागी बोट ठेवण्यासारखं आहे. कारण माझाही कुजला होता. आणि तो का कुजला हे मला दोन वर्षं माहीत होतं, पण मी घरात कुणाला सांगितलं नव्हतं. आज ते सगळं सांगते. झाडाचंही आणि माझंही.

आम्ही चँडलरला राहतो. फिनिक्स शहराला लागूनच आहे. इथे वर्षाला पाऊस पडतो साधारण १८० मिलिमीटर. माझं सासर माण तालुक्यातलं, साताऱ्याचा दुष्काळी पट्टा, तिथेही चारशे-पाचशे मिलिमीटर पडतो म्हणतात, आणि त्याला आपण दुष्काळी म्हणतो! तर २०२२ साली आम्ही हे घर घेतलं. पुढच्या अंगणात आधीच्या मालकांनी हिरवळ केलेली होती. वाळवंटात हिरवळ, म्हणजे पाण्याच्या बिलाला रोज नैवेद्य. आम्ही ती काढून टाकली, बारीक खडी पसरली आणि मधोमध एक बॅरल कॅक्टस लावला.

बॅरल म्हणजे पिंप. जमिनीवर ठेवलेलं हिरवं, गोल पिंप, त्याला उभ्या धारा आणि धारांवर काट्यांचे झुबके. आम्ही आणला होता तो गोल्डन बॅरल. काटे सोनेरी, संध्याकाळचं ऊन पडलं की दिवा लावल्यासारखा दिसतो. इथे बँकेच्या दारात, दुकानाच्या पार्किंगमध्ये, जिकडे तिकडे हाच दिसतो. इंग्रजीत त्याला गमतीनं काय म्हणतात माहितीये? सासूबाईंची उशी. म्हणजे सासू आली की तिला बसायला द्यायची गादी! नर्सरीत पाटीवर ते नाव वाचून मी आणि माझा नवरा पोट धरून हसलो होतो. मग नोव्हेंबरमध्ये माझ्या सासूबाई आल्या. सहा महिन्यांसाठी.

आता गोष्टीआधी थोडं झाडाबद्दल सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आपल्याकडे ज्याला सरसकट निवडुंग म्हणतात, त्यातले बरेचसे कॅक्टस नाहीतच. कुंपणाला लावतात तो काटेरी, तोडला की पांढरा चीक येतो, तो युफोर्बिया, वेगळं कुळ. फड्या निवडुंग मात्र खरा कॅक्टस, पण तो मूळचा अमेरिका खंडातला, आपल्याकडे आणलेला. ओळखायची सोपी खूण सांगते. खऱ्या कॅक्टसचे काटे एका लहानशा, लोकरीसारख्या मऊ ठिपक्यातून निघतात. त्या ठिपक्याला एरिओल म्हणतात. काटे, फुलं, सगळं तिथूनच. ठिपका आहे, तर कॅक्टस.

बॅरल कॅक्टसच्या अंगावर त्या उभ्या धारा असतात ना, तो हार्मोनियमचा भाता समजा. पाऊस पडला की झाड पाणी ओढून घेतं आणि भाता उघडतो, धारा लांब लांब होतात. कोरड पडली की भाता मिटतो. साल न फाटता फुगायची आणि न मोडता आकसायची सोय. मुळं खोल असतील असं वाटतं, पण नाही. जेमतेम वीतभर खोल, पण आजूबाजूला लांबवर पसरलेली. कारण वाळवंटातला पाऊस खोल मुरतच नाही, वरची माती ओली करून जातो. जे मिळेल ते पटकन ओढायचं.

आणि हे झाड श्वास घेतं रात्री. दिवसा पानांची भोकं उघडली तर पाणी उडून जाईल, म्हणून याला पानंच नाहीत आणि खोडावरची भोकं ते रात्री उघडतं. रात्री बाजारहाट करून ठेवायचा, दिवसा दार लावून आत स्वयंपाक. इतकं काटकसरी झाड. आणि इतक्या काटकसरीमुळे वाढही तितकीच हळू. फुटबॉलएवढं व्हायला दहा वर्षं सहज जातात.

आता मला सांगा, असं झाड कशानं मरेल? तहानेनं फार क्वचित. ते मरतं पाण्यानं. मुळाशी ओल राहिली, हवा खेळली नाही, की बुरशी शिरते. आणि आतून कुजत असताना महिना महिना वरून ठणठणीत दिसतं. हीच त्याची वाईट खोड आहे. आपल्याला कळेपर्यंत उशीर झालेला असतो.

तर सासूबाई.

त्यांच्या लहानपणाच्या, तरुणपणाच्या सगळ्या गोष्टी पाण्याच्या आहेत. १९७२ च्या दुष्काळात त्या दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलेल्या. सुकडी खाल्लेली. विहिरीत पोहरा सोडायचा आणि वाटीवाटीनं भरायचा, ते सांगताना अजूनही त्यांचे हात तशी हालचाल करतात. इथे आल्यावर पहिल्या दिवशी त्यांनी स्वयंपाकघरातला नळ सोडला, बंद केला, परत सोडला. म्हणाल्या, "रातीचं बी येतं व्हय गं?" मी म्हटलं, हो आई, चोवीस तास.

मी त्यांच्यासाठी कुंडीत तुळस लावून ठेवली होती. रोज सकाळी आंघोळ झाली की तांब्या घेऊन बाहेर जायच्या, तुळशीला पाणी घालायच्या आणि तांब्यात अर्धं उरलेलं पाणी जाता जाता त्या कॅक्टसला. मी दोन-तीनदा म्हटलं, आई, त्याला नको, त्याला थंडीत पाणी लागत नाही. तर म्हणाल्या, "आगं, घरात पाणी हाय. दारातल्या झाडाला तसंच कोरडं ठिवायचं? ते बगतंय आपल्याकडं." यावर काय बोलणार! मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये, त्या अंगणात. सोडून दिलं.

जानेवारीच्या शेवटी मला झाड खालच्या बाजूला जरा फिकट वाटलं. पिवळट. मी म्हटलं थंडीनं असेल. फेब्रुवारीत एक दिवस काठीनं सहज टेकवून पाहिलं, तर ते हललं. पिंप आणि हलतंय! वाकून बघते तर तळाशी मऊ पडलेलं, तपकिरी पाणी सुटलेलं आणि आंबूस वास. संध्याकाळी ते एका बाजूला आडवंच झालं. वरचे सोनेरी काटे तसेच चमकत होते.

शनिवारी मी ते काढायला बसले. फावड्यानं खडी बाजूला केली आणि खडीखाली काळी बारीक नळी लागली. ठिबकची. तोंडाला एक गॅलनचं ड्रिपर.

ती मीच बसवून घेतलेली होती. मार्चमध्ये झाड लावलं तेव्हा बागकाम करणाऱ्या माणसानं विचारलं होतं, नवीन झाड आहे, पहिला उन्हाळा पाणी लावायचं का? मी म्हटलं, बोगनवेलीच्याच लाइनवर जोडून टाक. तो म्हणाला, उन्हाळा संपला की आठवणीनं बंद कर. मी हो म्हटलं. आणि विसरले. टायमर आठवड्यातून तीनदा, एकेक तास. म्हणजे आठवड्याला अकरा लिटरहून जास्त. सासूबाईंचा अर्धा तांब्या रोजचा, सात दिवसांचं मिळून अडीच लिटर धरा. हिशोब माझ्या डोक्यात तिथेच झाला. झाड माझ्या पाण्यानं मेलं होतं. चौपटीहून जास्त पाणी माझं होतं.

आणि मागे सासूबाई उभ्या होत्या. हातात तांब्या. म्हणाल्या, "माझ्यामुळंच गेलं गं ते. तू सांगत हुतीस."

मी त्या नळीवर परत खडी ओढली.

काही बोलले नाही. "जाऊ द्या आई, दुसरं आणू" एवढंच म्हटलं. तेवढ्यानं त्यांची चूक पक्की झाली आणि माझी झाकली गेली. आता तुम्ही म्हणाल, एका झाडाचं काय एवढं! पण ज्या बाईनं आयुष्यभर पाणी वाटीनं मोजलं, तिला मी वाटून दिलं की तुमच्या पाण्यानं जीव गेला. त्या एप्रिलमध्ये परत गेल्या. त्यानंतर फोनवर गावातल्या कुणाकुणाला सांगताना मी ऐकलंय, "अमेरिकेत सुनंचं झाड मारून आले मी." हसत सांगायच्या. मी स्पीकर बंद करायचे.

असो. पुढे.

२०२३ चा उन्हाळा इथल्या लोकांना विसरणं शक्य नाही. फिनिक्समध्ये सलग ३१ दिवस पारा ११० फॅरनहाइट किंवा त्याहून वर, म्हणजे आपल्या ४३ सेल्सिअसच्या वर. ३० जूनपासून ३० जुलैपर्यंत. रात्रीसुद्धा गार होत नव्हतं. मघाशी सांगितलं तसं हे झाड रात्री श्वास घेतं, त्यामुळे रात्री उष्ण राहिल्या की त्याची खरी कोंडी होते. सग्वारो माहिती असेल, सिनेमात दिसतो तो हात वर केलेला उंच कॅक्टस, तसे जुने जुने सग्वारो त्या उन्हाळ्यात कोसळले. आमच्या गल्लीतले कितीतरी गोल्डन बॅरल पश्चिमेच्या बाजूनं पांढरे पडले. भाजलेली साल परत हिरवी होत नाही, तो डाग कायमचा.

तेव्हा मला पहिल्यांदा प्रश्न पडला की गोल्डन बॅरल मुळात इथला आहे का? नाही! तो मेक्सिकोतला, केरेतारो आणि हिदाल्गो भागातल्या दरीतल्या उतारांवरचा. तिथे १९९० च्या दशकात सिमापान धरण झालं आणि त्याच्या राहत्या जागेचा मोठा भाग पाण्याखाली गेला, वर चोरून उपटून नेणारे होतेच. आज जगभरच्या नर्सऱ्यांत हा ढिगानं मिळतो, आणि त्याच्या स्वतःच्या घरी तो धोक्यातल्या झाडांच्या यादीत आहे. धरणाखाली गेलेलं गाव आणि शहरात भेटणारी त्या गावची माणसं, हे आपल्याकडच्या कुणाला वेगळं सांगायला नको.

मग इथला कोण? इथला तो फिशहूक बॅरल. शास्त्रीय नाव फेरोकॅक्टस विसलिझेनाय. दक्षिण अ‍ॅरिझोनाच्या सोनोरन वाळवंटात वाढणारा. मधला काटा जाड आणि टोकाला माशाच्या गळासारखा वाकडा. दिसायला सोनेरी-बिनेरी काही नाही, जरा राकटच. पण इथलं ऊन आणि इथली थंडी, दोन्ही त्यानं पाहिलेलं असतं. पन्नास वर्षं, कधी त्याहून बरंच जास्त जगतो. आमचा व्हिसा तीन-तीन वर्षांचा, आणि आम्ही झाड बघतोय पन्नास वर्षांचं! (हसू)

एक महत्त्वाचं. इथे वाळवंटातून कॅक्टस उपटून आणणं गुन्हा आहे. राज्याचा कायदा आहे, देशी झाड हलवायचं तर परवाना आणि झाडाला टॅग लागतो. पण जिथे रस्ता किंवा घरं होणार असतात, तिथली झाडं बुलडोझर यायच्या आत काढून वाचवणारे लोक आहेत. टुसॉनच्या कॅक्टस अँड सक्युलंट सोसायटीचे स्वयंसेवक हे काम करतात आणि वाचवलेली झाडं टॅगसकट विकतात. आम्ही ऑक्टोबर २०२३ मध्ये टुसॉनला जाऊन असाच एक वाचवलेला फिशहूक आणला. गुडघ्याएवढा. आणताना जुन्या गालिच्यात गुंडाळला, तरी माझ्या नवऱ्याचा शर्ट त्यानं सोडला नाही. काटा आत जातो सरळ आणि येताना गळ! चिमटा गाडीत ठेवा, एवढंच सांगते.

झाडावर एका बाजूला खडूची खूण होती. मी पुसणार होते. देणाऱ्या बाई म्हणाल्या, थांब थांब, ती दक्षिण आहे. हे मला फार आवडलं. ज्या बाजूनं झाडानं आयुष्यभर ऊन खाल्लंय, ती साल जाड झालेली असते. लावताना ती बाजू परत दक्षिणेलाच करायची. उलटं लावलं तर सावलीत वाढलेली कोवळी बाजू उन्हाला येते आणि भाजते. या झाडाला कंपास बॅरलही म्हणतात, कारण मोठं झालं की ते दक्षिणेकडे, नैर्ऋत्येकडे झुकतं. उन्हाकडची बाजू सावकाश वाढते, सावलीची भराभर, म्हणून कल येतो. काही म्हातारे इतके कलतात की शेवटी स्वतःच्याच वजनानं आडवे होतात. पण रस्ता चुकलात तर त्यावर विसंबू नका हं, फोनच बघा.

आणि तहान लागली की बॅरल कॅक्टस कापून पाणी प्यायचं, हे जे रील्समध्ये येतं ना, ते डोक्यातून काढा. आत पाण्याची टाकी नसते. बुळबुळीत, कडसर गर असतो, त्यात ऑक्झॅलिक आम्ल असतं. रिकाम्या पोटी खाल्लं तर उलट्या-जुलाब होऊन अंगातलं होतं नव्हतं पाणीही जाईल. गराचा उपयोग लोकांनी केला तो मिठाईसाठी, साखरेच्या पाकात मुरवून, हुबेहूब आपल्या कोहळ्याच्या पेठ्यासारखा. मेक्सिकोत त्याला असित्रोन म्हणतात. त्यापायी तिथले मोठे बॅरल इतके तुटले की आता ते तोडण्यावर बंदी आहे.

लावणी. हे नीट ऐका, कारण सगळी काळजी इथेच संपते.

आधी खड्डा करून त्यात पाणी भरून पाहिलं. इथे जमिनीत वीत-दीड वीत खाली चुन्याचा पांढरा, कडक थर असतो, कलिची म्हणतात. पहार मारली की ठण्ण आवाज येतो. तो थर असला की पाणी खाली उतरतच नाही, झाड न दिसणाऱ्या परातीत बसल्यासारखं होतं. आमचं पाणी दुसऱ्या दिवशी सकाळीसुद्धा खड्ड्यात होतं. तेव्हा कळलं की पहिल्या झाडाला ठिबक आणि तांब्या दोन्ही मिळून का नडले. यावेळी नवऱ्यानं पहारीनं तो थर फोडला, आणि वर मुरुमासारखी भरड माती, खडी टाकून जमिनीपासून थोडा उंचवटा केला. झाड आधी जितकं खोल होतं तितकंच लावायचं, तसूभरही जास्त नाही. खोडाला माती लागली की कूज. शेणखत, कंपोस्ट काही घातलं नाही. आणि लावल्यावर लगेच पाणी नाही! हे आपल्या हाताला जमतच नाही. झाड लावलं की पाणी घालायचं हे आपल्या अंगात आहे. पण काढताना मुळं तुटलेली असतात, ती जखम वाळू द्यायची. मी दोन आठवडे थांबले. मग एकदा भरपूर, आणि परत पूर्ण कोरडं होऊ दिलं.

आता वेळापत्रक विचाराल, तर उन्हाळ्यात दोन-तीन आठवड्यांनी एकदा मुळापर्यंत पोचेल असं पाणी. इथेही मान्सून असतो, खरंच, मान्सूनच म्हणतात, १५ जून ते ३० सप्टेंबर. तेव्हा चांगली सर आली की आपलं पाणी रद्द. हिवाळ्यात जवळजवळ काहीच नाही. बुंध्यापासून थोडं लांब लाकडी काडी मातीत खुपसायची, काडी ओलसर निघाली तर मागे फिरायचं. झाड आकसलेलं दिसलं तरी घाबरू नका, भाता मिटलाय फक्त. ते मऊ पडलं तर घाबरा.

पुढच्या मे महिन्यात सावली करावी लागली, कारण हलवलेल्या झाडाला पहिला उन्हाळा जपावं लागतं. शेडनेट मागवायचं राहून गेलं, मग सासूबाईंचं इथे ठेवलेलं जुनं सुती पातळ काढलं, चार प्लॅस्टिकचे पाइप रोवले आणि वर बांधलं. मांडवच घातला! शेजारी विचारायला आले, काही कार्य आहे का. आठवड्याभरात सोसायटीकडून पत्र, दर्शनी भागात कपडे वाळत घालू नयेत. मी उत्तर लिहिलं की हे कपडे नाहीत, हे उपचार आहेत. मग निमूटपणे शेडनेट आणलं. २०२४ मध्ये इथे सलग ११३ दिवस शंभर फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त तापमान होतं. आमच्या झाडाला एक डाग पडला नाही.

नोव्हेंबर २०२४ मध्ये सासूबाई परत आल्या. पहिल्या दिवशी अंगणात गेल्या, नवीन झाड पाहिलं आणि दोन पावलं मागे सरकल्या. तांब्या पाठीमागे धरला. म्हणाल्या, "ह्याला मी हात लावत न्हाय बाई."

आणि खरंच, महिनाभर रोज तुळशीला पाणी घालून उरलेलं पाणी त्या आत आणून सिंकमध्ये ओतायच्या. सिंकमध्ये! माझ्या सासूबाई! पाणी वाया घालवताना त्यांना मी आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं. झाडाला लांबून वळसा घालायच्या, एकदा पदर त्या गळात अडकला तर श्वास रोखून उभ्या राहिल्या, मी येऊन सोडवेपर्यंत. त्या दिवशी मला राहवलं नाही. गॅरेजमधून ती काळी नळी काढून आणली, त्यांच्यासमोर ठेवली आणि सगळं सांगितलं. टायमर, अकरा लिटर, खडी परत ओढली ते.

मला वाटलं होतं हसतील. नाही हसल्या. नळी हातात घेऊन बघितली. म्हणाल्या, "मग तवाच का न्हाय सांगितलंस?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. "दोन वर्सं मी सगळ्या गावाला सांगत फिरले." आणि उठून खोलीत गेल्या. दोन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलल्या. भाकरी केली तर ताटात ठेवून निघून जायच्या. मला सांगू का, ते दोन दिवस बरोबर होते. माफी मागितली मी, पण माफी मागितली म्हणून समोरच्यानं लगेच हसायचं असा काही नियम नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी लॅपटॉप उघडत होते तर दारातून आवाज आला, "मग कवा घालायचं पाणी ह्याला? नीट सांग."

मी काडी दाखवली. त्यांनी स्वतः खुपसली, बोटानं चाचपली, वास घेतला. म्हणाल्या, "वल हाय. आमच्यात पेरणीच्या आधी असंच बघत्यात." मग फ्रिजवरच्या कालनिर्णयावर पेन्सिलीनं गोल केला. त्या एप्रिलपर्यंत राहिल्या. त्या पाच महिन्यांत कालनिर्णयावर गोल फक्त दोन आहेत. दोन्ही वेळा तांब्या नाही, मोजून बादली घातली, बुंध्यापासून हातभर लांब, गोल फिरून. कारण मुळं पसरलेली असतात हे त्यांना एकदाच सांगितलं होतं.

गेल्या ऑगस्टमध्ये त्याला पहिल्यांदा फुलं आली. डोक्यावर गोल मुकुटासारखी, नारिंगी. मी व्हिडिओ कॉल लावला. त्यांचं लक्ष फुलांकडे नाही, मुंग्यांकडे. "मुंग्या लागल्या गं, हळद टाक!" मी म्हटलं, आई, त्या त्यानंच ठेवल्यात. खरंच. या झाडाला फुलांच्या बाहेरही गोड रस सुटतो, तो खायला मुंग्या येतात आणि बदल्यात झाड खायला येणाऱ्या किड्यांना हाकलतात. सासूबाई जरा वेळ बघत राहिल्या. "राखणीला ठिवल्यात म्हणायच्या," असं म्हणाल्या, आणि मग नेहमीचा प्रश्न, पाऊस झाला का?

आता फुलांच्या जागी अकरा पिवळी फळं आहेत, छोट्या अननसासारखी. हिवाळाभर ती तशीच राहतात, हरणं, पक्षी, रानडुकरासारखे हावेलिना खातात. आमच्या गल्लीत हरणं नाहीत, पक्षी येतात. मी एक फळ खाऊन पाहिलं. आंबट. आत काळ्या, खसखशीहून थोड्या मोठ्या बिया. त्या भाजून खातात, मी अजून भाजल्या नाहीत.

ज्यांनी पुण्या-मुंबईहून विचारलं होतं त्यांच्यासाठी पटकन: तुमच्याकडे प्रश्न पावसाळ्याचा आहे. मातीची, खाली भोक असलेली कुंडी घ्या, कुंडीखालची ताटली काढून फेका, मातीत निम्म्याहून जास्त जाड वाळू आणि विटेचे बारीक तुकडे घाला, आणि जून ते सप्टेंबर झाड पावसात भिजणार नाही अशा उजेडाच्या जागी ठेवा. नर्सरीतून सावलीतून आणलेलं झाड एकदम मे महिन्याच्या गच्चीवर नेऊ नका, दोन-तीन आठवडे थोडं थोडं ऊन दाखवा. आणि घरात पाणी घालणारे हात किती आहेत ते आधी मोजा. सगळ्यांना एकत्र बसवून ठरवा.

सासूबाई या नोव्हेंबरला येणार होत्या, गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे नाही आल्या. कालनिर्णय मात्र पाठवलाय, नवीन वर्षाचा. दर रविवारी फोनवर विचारतात, "किती दिस झालं?" आज मोजून सांगितलं, सदतीस. म्हणाल्या, "काडी घातलीस का?"

घातली नव्हती. हे रेकॉर्डिंग संपलं की घालते. तुमचे कुजलेले, भाजलेले, वाचलेले, सगळ्या कॅक्टसचे फोटो पाठवा. भेटू पुढच्या भागात.